कुंपणाच्या आतली जमीन

"कुठं राहतोस रे बाबा?" असं ताबोकाईला कोणी विचारलं, तर "सुव्यात" हा शब्द सत्तावीस वर्षांत एकदाही त्याच्या तोंडून निघाला नव्हता. "किरिबासमध्ये," असं तो ठणकावून सांगे. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस हसे. हसेल नाही तर काय? किरिबास तिथून विमानाने तीन तासांवर, आणि हा गडी तर रोज सकाळी फिजीच्या राजधानीत, सुव्याच्या बाजारात, कसाव्याचे कंद चाचपून घेताना दिसायचा. पण ताबोकाई चेष्टा करत नव्हता. तो किरिबासच्या वकिलातीचा राखणदार होता, वकिलातीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत बायकोसह राहत होता, आणि वकिलातीच्या कुंपणाच्या आत जी काही जमीन होती ती त्याच्या लेखी किरिबासच होती. बाजाराला निघाला की फाटकाशी थांबून तो चपला पायात घाली आणि आत ओरडे, "रोतिया, परदेशी जाऊन येतो गं!" परत आला की चपला काढून हातात घेई आणि मगच आत पाऊल टाकी. आपल्या घरात चपला कोण घालतं?

"कांदे आणलेस का?" रोतिया चुलीपाशी बसूनच विचारायची. "की सरहद्दीवर अडवले?"

"अडवतील कशाला? साहेबाचा माणूस आहे मी."

"साहेबाचा माणूस! दोन कांदे सडके आणलेत साहेबाच्या माणसाने."

ताबोकाई मूळचा किरिबासच्या नोनोउती बेटावरचा. वकिलातीमागच्या अंगणात, बेटांवर असते तशी बैठकीची मोठी पडवी बांधायची होती. एकही खिळा न मारता, निव्वळ काथ्याने बांधून, केवड्याच्या पानांचं छप्पर उभं करणारे हात त्याच्याकडे होते. आला तीन महिन्यांसाठी. पण सुव्याचा पाऊस म्हणजे वर्षाचे बाराही महिने कोणाच्या तरी मयताला आल्यासारखा रडणारा. छप्पर उभं राहिलं तसं ते गळायलाही लागलं, आणि तेव्हाचे उच्चायुक्तसाहेब, बेटांवरच्या रीतीने नावाआधी मानाचं 'तेन' लावून, म्हणाले, "तेन ताबोकाई, हे असंच दर वर्षी शाकारावं लागणार. तू राहाच." तो राहिला. वर्षभराने जाऊन लग्न करून रोतियाला घेऊन आला.

इमारत म्हणजे काही राजवाडा नव्हता. टेकडीच्या रस्त्यावरचं दोन मजली जुनं घर, हिरव्या पत्र्याचं, एका बाजूला जरा कललेलं. शेजारच्या मोठ्या देशांच्या वकिलातींना काचेच्या चौक्या आणि बंदूकवाले पहारेकरी होते. किरिबासच्या वकिलातीला ताबोकाई होता. सकाळी तो निशाण चढवी. लाल आभाळ, पिवळा सूर्य, त्यावरून उडणारा पिवळा पक्षी, खाली निळ्या लाटा. पाऊस आला की धावत जाऊन उतरवी, कारण लाल रंग पिवळ्यात उतरायचा. एका दिवशी त्याने सात वेळा निशाण चढवलं नि उतरवलं तेव्हा रस्त्यापलीकडचा पहारेकरी म्हणाला, "अरे, तुझा देश वाळत घालतोस की काय?" ताबोकाई त्याच्याशी सहा महिने बोलला नाही.

अंगणातली ती पडवी हीच खरी वकिलात होती. बेटांवरून सुव्याच्या इस्पितळात आलेला रोगी, बोटीवरून उतरलेला खलाशी, शिकायला येऊन खोली न मिळालेली पोर, सगळे तिथे चटई पसरून निजायचे. रोतिया भात आणि नारळाच्या दुधातला मासा रांधायची. ताबोकाई शिस्त लावायचा. बैठकीत कोणी पाय पसरून बसलं की तो ओरडे, "पाय आवर! तुझ्या आईने शिकवलं नाही, की परदेशात आल्यावर विसरलास?" रोगी असला तरी सुटका नव्हती. पडवीखाली अंथरायला बेटांवरून पांढरे पोवळखडे आले होते, बोटीने, पंधरा पोती. ते त्याने स्वतःच्या हाताने पसरले होते. अनवाणी पायांना ते जसे टोचायचे, तसेच नोनोउतीत टोचायचे.

आता ही जमीन किरिबासची, हे त्याच्या डोक्यात भरवलं कोणी, तर त्या पहिल्या साहेबांनीच. साहेबांचा आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. एका बारा जुलैला, स्वातंत्र्यदिनाला, पडवीत दोनशे माणसं जमली होती. नाच झाला, जेवणं झाली आणि साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, "बाळांनो, रस्त्यावर तुम्ही पाहुणे आहात. पण या कुंपणाच्या आत तुम्ही पाहुणे नाही. ही आपली जमीन आहे." लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी लोक आपापल्या कामाला लागले आणि विसरले. ताबोकाई विसरला नाही. त्याच्या बेटावर कोणत्या माडापासून कोणत्या माडापर्यंत कोणाची जमीन, हे कागदावर कोण बघतो? वडीलधारा माणूस बैठकीत उभा राहतो, चारचौघांसमक्ष सांगतो, आणि कोणी हरकत घेतली नाही की ती काळ्या दगडावरची रेघ. साहेब वडीलधारे होते. बैठकीत उभे होते. दोनशे माणसांनी ऐकलं आणि कोणी हरकत घेतली नाही. आणखी काय हवं होतं?

त्यानंतर दोन वर्षांनी रोतियाला मुलगी झाली. नाव ठेवलं तिनाइ. नऊ दिवस जगली.

इस्पितळातून त्यांना एक पुठ्ठ्याचं खोकं मिळालं, आणि टेकडीपलीकडच्या दफनभूमीचा पत्ता. ताबोकाई एकटाच जाऊन बघून आला. उतारावर रांगाच रांगा, प्रत्येक खड्ड्याला नंबर, शेजारीपाजारी सगळी अनोळखी नावं. नोनोउतीत मेलेलं माणूस असं लांब नेऊन टाकत नाहीत. घराच्या कडेलाच वाळूत ठेवतात, झोपल्या जागेवरून हात लांबवला तर पोचेल इतकं जवळ. पोरं त्या कडेने खेळतात, बाया तिथेच बसून चटया विणतात. मेलेलं माणूस घरचंच राहतं, एवढंच की जेवायला उठत नाही. नऊ दिवसांच्या लेकीला नंबर घालून परक्यांत ठेवायचं, हे त्याला सोसवेना. विमानाने न्यायचं तर कागद, परवाने, आणि विमान आठवड्यातून दोनदा. साहेब तेव्हा परगावी होते. त्याने कोणाला विचारलंच नाही. आपल्या माणसाला आपल्या जमिनीत ठेवायला विचारायचं कोणाला?

दोघं बसने परत आली. खोकं रोतियाच्या मांडीवर होतं. शेजारच्या बाईने कौतुकाने विचारलं, "काय घेतलंस गं, बूट?" रोतियाने मान हलवली.

पहाटे, निशाण चढवायच्या आधी, ताबोकाईने पत्र्याच्या खोलीच्या कडेला, नीरफणसाच्या झाडाखाली खड्डा खणला. माती तांबूस, चिकट, फावड्याला सोडेना. रोतियाने पोरीला स्वतःच्या लग्नातल्या चटईच्या तुकड्यात गुंडाळलं. इस्पितळवाल्यांनी पायात अडकवलेली प्लास्टिकची पट्टी तो कापायला निघाला तर ती म्हणाली, "राहू दे. नाव असू दे अंगावर." वर त्याने पडवीतले पांढरे खडे आणून अंथरले, चार हात लांब आणि दोन हात रुंद. नऊ दिवसांच्या पोरीला एवढी जागा लागत नाही. पण खणताना त्याला थांबायचं सुचलं नव्हतं.

कोणी विचारलं तर तो सांगे, "बायकोची बाग आहे." बागेत एकही फूल नव्हतं. रोतिया रोज सकाळी तिथली पानं वेचायची, आणि रविवारी ताटातला पहिला घास तिथे ठेवायची. पुढे मूल झालं नाही. साहेब बदलत गेले, पाच झाले, सहा झाले. साठी उलटली तेव्हा नोनोउतीहून भावाचा फोन आला, "ये की आता परत. किती दिवस परमुलखात निशाण फडकवणार?" ताबोकाई म्हणाला, "येतो, येतो." रोतिया म्हणाली, "तू जा. मी लेकीला एकटी टाकून येणार नाही." झालं, विषय संपला. तीही गेली नाही, तोही गेला नाही.

हे सांगायचं कारण एवढंच, की आकेनेते जेव्हा एका मंगळवारी पडवीत येऊन त्याच्यासमोर मांडी घालून बसली, तेव्हा तिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

आकेनेते वकिलातीतली सचिव, तिशीची, राजधानीच्या तरावा बेटावरची पोर, साहेबाच्या खालोखालची. पण ताबोकाईला "काका" म्हणायची आणि पडवीत पाय आवरून बसायची, म्हणून तो तिला मानायचा.

"काका, एक बातमी आहे," ती म्हणाली. "आपण ही जागा सोडतोय. घर फार जुनं झालंय, वरचा मजला धोक्याचा आहे. गावात नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जागा घेतलीय. लिफ्ट आहे."

"लिफ्टचं मला काय करायचंय? आणि हे घर?"

"मालक पाडणार आहे. परमेश प्रसाद. तो इथे बारा मजली इमारत बांधतोय."

"कोणाच्या जमिनीवर?"

"त्याच्याच."

ताबोकाई हसला. तिला समजावून सांगावं अशा आवाजात म्हणाला, "पोरी, घर त्याचं असेल. नेऊ दे त्याला घर, पत्रे नि खांब. जमीन आपली आहे."

"काका, जमीन कधीच आपली नव्हती. भाड्याची आहे. पहिल्या दिवसापासून."

"पहिल्या साहेबांनी सांगितलंय. इथंच, या खांबापाशी उभं राहून. दोनशे माणसं होती."

आकेनेतेने त्या खांबाकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "काका, साहेब भाषण करत होते."

बेटावरच्या माणसाच्या पायाखालची वाळू सरकणं ही काही नवलाची गोष्ट नाही, समुद्र रोज थोडी नेतोच. पण ताबोकाईचा चेहरा असा झाला की आकेनेते घाबरली आणि भराभर बोलू लागली. त्याला निवृत्तीचे पैसे मिळतील, दोघांचं नोनोउतीपर्यंतचं तिकीट साहेबांनी मंजूर केलंय, निरोपाचं जेवण होईल, घड्याळ देणार आहेत.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"महिना. पुढल्या महिन्याच्या वीस तारखेला मालकाचं यंत्र येईल."

"आणि बाग?"

"कसली बाग, काका?"

सांगितलं असतं तर ती पोर कदाचित रडली असती, कदाचित तिने साहेबाला सांगितलं असतं, कागद झाले असते. पण परक्याच्या जमिनीत विनापरवाना मूल पुरलं, आणि तेही वकिलातीच्या आत, देशाचं नाव जाईल, हे त्याच्या ध्यानात आता आलं. बावीस वर्षं जी गोष्ट लाजेची नव्हती ती एका वाक्यात लाजेची झाली. तो मूग गिळून बसला.

रोतियाला सांगताना त्याला वाटलं होतं ती आकांत करेल. तिने हातातली परात खाली ठेवली आणि विचारलं, "तुझी नव्हती जमीन?"

"साहेब म्हणाले होते—"

"मला साहेब नाही म्हणाले. मला तू म्हणालास."

तिने परात पुन्हा उचलली. "ठीक आहे. खण. तिला घेऊन जाऊ. माझ्या आईच्या शेजारी ठेवू."

आणि ती कामाला लागली. नोनोउतीत हाडं काढून दुसरीकडे ठेवणं यात अभद्र काही नाही. तिथली वाळू पांढरी, कोरडी, पोवळ्याची. तिच्यात ठेवलेलं माणूस कुठे जात नाही. रोतियाच्या आजोळी पणजोबांची कवटी फळीवर होती. आजी तिला खोबरेल चोळून उन्हात ठेवायची आणि नातवंडांना म्हणायची, "या रे, पाया पडा, आजोबा हसतायत." तेव्हा हाडांचं काय करायचं हे रोतियाला पक्कं माहीत होतं. तिने केवड्याची कोवळी पानं मिळवली, उकडली, वाळवली, नखाने चिरून दोऱ्यासारखी बारीक केली आणि हातभर लांबीची चटई विणायला घेतली. तिच्या बोटांना संधिवात होता. दिवसाला चार बोटं विणून व्हायची. खोबरेलाची बाटली तिने बाजारातून आणली नाही, पडवीत आलेल्या एका रोग्याकडून बेटावरचं तेल मागून घेतलं.

"केवढी असतील गं?" एकदा ताबोकाईने विचारलं.

"काय?"

"हाडं."

रोतियाने आपली करंगळी पुढे केली. "मांडीचं एवढं. बाकीची काडेपेटीत मावतील." मग म्हणाली, "डोकं नारळाच्या बोंडाएवढं. जपून खण. फावडं लावू नकोस, हाताने काढ."

महिनाभर तो कपाटं बांधत होता. कागदाचे खोके, भिंतीवरची साहेबांची छायाचित्रं, पाहुण्यांच्या वह्या, सगळं गाड्यांत भरून तिसऱ्या मजल्यावर गेलं. पडवी न्यायची नव्हती. ताबोकाईने स्वतःच बांधलेल्या काथ्याच्या गाठी एकेक करून सोडल्या. एकही गाठ सुरीने कापली नाही. निरोपाचं जेवण झालं, घड्याळ मिळालं, सगळे त्याच्याविषयी चांगलं बोलले. साहेब म्हणाले, "तेन ताबोकाईने ही जमीन आपल्या घरासारखी जपली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताबोकाई मान खाली घालून बसला होता. रोतियाच्या मनात आलं, ही भाषणं करणारी माणसं एकदा तरी बोलायच्या आधी विचार करतात का? पण साहेब बिचारा सरळ मनाने बोलला होता. त्याला काय माहीत!

एकोणीस तारखेला सकाळी ताबोकाईने निशाण चढवलं नाही. निशाण गेलेलं होतं. त्याने खडे बाजूला केले, एका पोत्यात भरले आणि गुडघ्यावर बसून खणायला लागला. रोतिया नीरफणसाच्या बुंध्याला टेकून बसली होती. मांडीवर चटई, शेजारी तेलाची बाटली आणि एक मऊ फडकं.

दोन हात खोल गेला तेव्हा माती काळसर लागली. तो थांबला. "इथं," म्हणाला. मग हाताने माती काढायला लागला, मूठमूठ, प्रत्येक मूठ बोटांनी फोडून बघत. चटईचा धागा नव्हता. खोकं नव्हतंच ठेवलं. मुळं होती, नीरफणसाची, बोटाएवढी जाड, सगळीकडे गेलेली. त्याने मुळं तोडली. आणखी खणलं. खालची माती राखी रंगाची, साबणासारखी गुळगुळीत, तिला कोणाचा हात कधी लागलेला नव्हता हे लगेच कळत होतं.

"जरा डावीकडे बघ," रोतिया म्हणाली.

त्याने डावीकडे खणलं. मग उजवीकडे. मग पायथ्याशी. पाऊस आला, खड्ड्यात पाणी साचलं, त्याने ते डब्याने उपसलं. चार हात लांबीचा खड्डा आठ हात झाला.

दुपारी फाटक वाजलं. परमेश प्रसादचा जेसीबीवाला दुसऱ्या दिवशीच्या कामाची जागा बघायला आला होता. सेमी नावाचा, थोराड, सुव्याच्या बाहेरच्या गावचा फिजीचा माणूस. खड्ड्याच्या काठावर उभा राहून म्हणाला, "म्हाताऱ्या, कशाला जीव काढतोस? नळ शोधतोयस का? उद्या यंत्र लावतो, दोन मिनिटांचं काम."

ताबोकाई माती काढत राहिला. सेमीची नजर रोतियाच्या मांडीवरच्या चटईवर गेली, तिच्या लांबीवर गेली. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"किती वर्षं झाली, आई?"

"बावीस."

"केवढं होतं?"

रोतियाने दोन तळहात जवळ आणून दाखवले.

सेमी खड्ड्यात उतरला. चिखलात बूट भरले तरी त्याला पर्वा नव्हती. त्याने मूठभर माती उचलली, अंगठ्याने चोळली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. "ही माती खाते, आई," तो म्हणाला. "पाणी मुरतं ना हिच्यात, सतत. माझ्या आजीला हलवायची होती रस्त्यासाठी, तिचे दोन दात मिळाले. बाईमाणूस होती, अंगापिंडाने माझ्याएवढी. हे तर तान्हं." मग तो ताबोकाईच्या शेजारी गुडघ्यावर बसला आणि हाताने माती काढायला लागला.

पट्टी त्यालाच सापडली. एका मुळाने तिला पोटात घेतलं होतं. त्याने मूळ दातांनी तोडलं. प्लास्टिक पिवळं पडलं होतं, शाई पार धुऊन गेली होती, पण कडी होती तशी बंद होती. आत अंगठा जेमतेम जाईल एवढं वळं. त्यात जो पाय होता तो नव्हता.

ताबोकाईने ते वळं रोतियाच्या हातात ठेवलं. तिने ते फडक्याने पुसलं. तेल लावलं नाही. प्लास्टिकला तेल कशाला? चटईच्या मधोमध ठेवून तिने चटईच्या चारी बाजू दुमडल्या, आणि मग इतका वेळ जे केलं नव्हतं ते केलं. ती ओरडली. शब्द नव्हते त्यात. रस्त्यापलीकडचा पहारेकरी चौकीबाहेर आला, आणि सेमीने त्याला हाताने आत जायला सांगितलं.

ओरडून झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "आपली जमीन असती तर तिने खाल्लं नसतं."

विमान शनिवारी होतं. शुक्रवारी सकाळी ताबोकाईने सांगितलं की तो येणार नाही.

"का?" रोतियाने विचारलं.

"ती इथं आहे. मातीत आहे, मुळांत आहे. वेचून काढता येत नाही. पण आहे."

"तुझ्या डोक्यात चिखल भरलाय," रोतिया म्हणाली. "इथं आता बारा मजले उभे राहतील. कोणाच्या पायाशी बसणार आहेस तू?"

"सेमीने मालकाला विचारलंय. बांधकामावर राखणदार हवाच आहे. पत्र्याची खोली देतात."

"हिला मी नेतेय," रोतियाने मांडीवरच्या चटईवर हात ठेवला. "तू ये म्हणून मी म्हणणार नाही. बावीस वर्षं तुझ्या शब्दावर तिला इथं ठेवली. आता माझ्या शब्दावर ती घरी येईल."

भांडण असं झालंच नाही. भांडायला दोघांच्या अंगात काही उरलं नव्हतं. तिच्या मनात राग होता आणि त्याच्या मनात लाज, आणि दोघं सव्वीस वर्षांच्या सवयीने एकाच चटईवर निजली. शनिवारी आकेनेतेने गाडी आणली. तिला वाटलं काका मागून येणार आहेत. कोणी तिची समजूत दुरुस्त केली नाही. रोतियाने पांढऱ्या खड्यांचं पोतं मात्र नेलं नाही. "ते तुझे," म्हणाली. "तू पसरलेस."

तीन आठवड्यांनी बांधकामावरच्या मुकादमाच्या फोनवर नोनोउतीहून फोन आला. पाया भरत होते. सिमेंट कालवणारी गाडी घरघरत होती, ताबोकाई एका कानात बोट घालून उभा होता. नीरफणस केव्हाच पडला होता. जिथे खड्डा होता तिथे लोखंडी सळयांचं जाळं होतं, आणि त्याच्याखाली, सेमीने मुकादमाची नजर चुकवून ओतू दिलेले, पोतंभर पांढरे खडे.

"ठेवलं तिला," रोतिया म्हणाली. तिचा आवाज वाऱ्यातून येत होता. "आईच्या पायाशी. तुझ्या भावाने खणलं. वाळू अशी कोरडी आहे, हाताला चिकटत नाही."

"बरं केलंस."

"माणसं आली होती सगळी. नाव विचारलं. मी सांगितलं, तिनाइ."

"बरं केलंस," तो पुन्हा म्हणाला.

"जेवतोस का काही?"

"सेमीची बायको देते कसावा."

"कांदे सडके आणत असशील." मग तिने विचारलं, तसं तिने कधीच विचारलं नव्हतं, कारण विचारायची गरजच पडली नव्हती, "कुठं राहतोस रे आता?"

सिमेंट पडायला लागलं होतं. ताबोकाईने खाली बघितलं. पायात चपला होत्या. बांधकामावर अनवाणी हिंडू देत नाहीत.

"सुव्यात," तो म्हणाला.